मले कर्ज देल्लंच काहून?

शकुनताईचा फोन आला तेव्हा मी मिलच्या काट्यावर उभा होतो. धानाचा ट्रक मोजून होत होता, ड्रायव्हर आणि हमाल यांचं काहीतरी वाजलं होतं, आणि त्या कल्लोळात मला नीट ऐकूच आलं नाही. "भाऊ, लीलू गेला," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेला?" तिला ते ऐकू गेलं नाही, वाटलं मला समजलं. तिनं फोन ठेवला. मग तिचाच पुन्हा आला. "सकाळी चहा ठेवला होता त्यानं. चहा उतू गेला, गॅस विझला. शेजारच्यायनं दार ढकललं त खुर्चीतच..." ट्रकचा हिशेब मी त्या दिवशी दुसऱ्याला करायला दिला. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत तसं मी क्वचितच केलं असेल.

लीलू म्हणजे लीलाधर, शकुनताईचा धाकटा भाऊ. तो सानगडीचा, मी दिघोरीचा. साकोलीच्या कॉलेजात आमची ओळख झाली, त्याच सुमारास जिल्हा तुटला. गोंदिया वेगळं झालं, आणि कॉलेजातली निम्मी पोरं एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्याची झाली. लीलू म्हणे, "बरं झालं बावा, आता जिल्ह्यात पहिला येणं थोडं सोपं झालं." आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला पहिला मी, त्याच्या घराण्यात पहिला तो. ही गोष्ट मी आजही छाती पुढं करून सांगतो. माझी पदवी बैठकीत फ्रेम करून लावलेली आहे आणि पाहुणा आला की त्याला त्या भिंतीसमोरच बसवतो. लीलूनं मात्र त्याची पदवी कुठं ठेवली होती, देव जाणे. त्याला कागदाचं कौतुक नव्हतं. कागदात लिहिलेलं खरं आहे का, एवढंच तो पाही.

मी तुमसरला राईस मिलमध्ये हिशेबाला लागलो. तो नागपूरला गेला. तिथं एका कंपनीत युरोपातल्या बँकांचं काम चाले. तिकडच्या लोकांचे कर्जाचे अर्ज आणि तक्रारी इकडं येत, आणि आमचा सानगडीचा पोरगा त्या वाचून शेरा मारी. सुरुवातीला आम्ही त्याची फार थट्टा केली. गोऱ्यांच्या उधाऱ्या मोजणारा म्हणून मी त्याला 'सायेब' म्हणत असे. एक दिवस त्याचा फोन आला, आणि तो एवढा हसत होता की आधी मला वाटलं पगार वाढला.

"अबे, एका बाईनं कर्ज घेतलं. मंग दुसरं घेतलं, मंग तिसरं. आता ते लिहून राहिली का, तुमाले माया पगार दिसत होता, घरभाडं दिसत होतं, त मले कर्ज देल्लंच काहून?"

"मंग?"

"मंग काय! बँक म्हणते, बरोबर आहे बाई, चुकलं आमचं. व्याज माफ."

मीही हसलो. म्हटलं, आपल्याकडं कोणी असं विचारलं तर गावचे कुत्रेही हसतील. घेतलं तेव्हा गोड लागलं, आता विचारते देल्लं काहून! आपल्यात तर घेणाराच तोंड लपवून फिरतो. देणारा छाती काढून चालतो, रस्ता त्याच्याच बापाचा. पण लीलूचं हसणं त्या दिवशीपुरतंच होतं. पुढं पुढं तो त्या प्रश्नावर गंभीर होत गेला. तिकडचा कायदा त्यानं कामासाठी पाठ केला होता, आणि सुट्टीत आला की तळ्याच्या पाळीवर बसून तो मला सांगे. कर्ज देण्याआधी ते त्या माणसाला झेपेल का, हे बघणं देणाऱ्याचं काम. बघितलं नाही तर दोष देणाऱ्याचा. व्याज, फी, विमा, सगळं मिळून किती पडणार, तो आकडा आधी दाखवायचा, लपवायचा नाही. आणि कर्ज घेतल्यावर चौदा दिवसांत मन बदललं तर परत करायचं, कारण सांगायची गरज नाही. मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज दिलं की मोकळा. एका देशात तर म्हणे बुडालेल्या माणसाचा घरखर्च काढताना सणासुदीला, चार लोकांत मिसळायलाही थोडे पैसे धरतात. ते त्याला फार आवडलं होतं. "आपल्या लोकाईच्या हिशेबात पंगत कोठं धरतेत गा?" तो म्हणे. "बारसं, लगन, तेरवी. माणूस बुडते तेथंच, अन तेच कोणी लिहीत नाही."

मग त्याचं ते काम गेलं. आधी माणसं वाचत, पुढं मशीनच वाचायला लागलं. कंपनीनं त्याला बरी रक्कम देऊन घरी पाठवलं. लग्न केलेलं नव्हतं, आई-बाप नव्हते. गावात सख्खी मोठी बहीण होती, शकुन, गावातच दिलेली. मोठ्या बहिणीला तो 'बाई' म्हणे. तिचा मुरमुऱ्याचा धंदा, घरामागं भट्टी, आठवडी बाजारात दुकान. लीलूनं बस स्टँडजवळ ऑनलाइन कामाचं दुकान टाकलं. सातबारा, दाखले, फॉर्म भरणं, झेरॉक्स. आणि त्या झेरॉक्सनंच त्याला पुन्हा त्या प्रश्नाकडं नेलं.

झालं असं की गावात बायकांना गटानं कर्ज देणाऱ्या कंपन्या येऊ लागल्या होत्या. एक आली, दुसरी आली, मग मोजणं सोडलं. पाच बायकांचा गट, दर मंगळवारी कोणाच्या तरी अंगणात बैठक, तिथंच हप्ता. पाचजणी एकदम आधार कार्ड घेऊन झेरॉक्सला आल्या, की समजावं नवीन गट झाला. लीलू मशीनचं झाकण उघडून उभा राही आणि विचारी, "मावशी, आधीचे किती चालू हायेत? ज्या महिन्यात काम नाही राहत, त्या महिन्यात चुलीवर काय चढते?" बायका एकमेकींकडं बघून हसत. मग हसणं थांबे, आणि मग त्या पलीकडच्या दुकानात जाऊ लागल्या. गावात म्हणच पडली, लीलूकडं झेरॉक्स नको, तो दोन रुपयाच्या कागदामागं घरचं सगळं विचारते. त्याचा गल्ला कमी झाला. मी तुमसरहून गेलो की म्हणे, "सायेबाचं दुकान बसून राहिलं बावा."

त्यात ती सुशीलाची गोष्ट झाली. सुशीला म्हणजे शकुनताईची शेजारीण आणि तिच्याच गटातली. तिच्यावर तीन कंपन्यांचे हप्ते होते. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घेतलेलं. नवरा तुमसरकडं मिलमध्ये हमाली करी, तो पाठीच्या दुखण्यानं घरी बसला होता. लीलूनं तिचा सगळा हिशेब बसून मांडला आणि तिला तो प्रश्न शिकवला. मंगळवारच्या बैठकीला सुशीला उठून उभी राहिली. वसुलीला आलेला पोरगा जेमतेम पंचविशीचा, मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत बसला होता. ती त्याला म्हणाली, "तुमाले माया घरचं सारं दिसत होतं. तीन ठिकाणचं चालू हाये, हे बी दिसत होतं. त मले कर्ज देल्लंच काहून?"

मला हे लीलूनंच सांगितलं. तो अंगणाच्या कुडाबाहेर उभा होता. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. पोरगा गडबडेल, साहेबाला फोन लावेल, उत्तर शोधेल. पण त्या पोरानं सुशीलाकडं बघितलंसुद्धा नाही. बाकीच्या चौघींकडं वळून तो शांतपणे म्हणाला, "ताई, गटाचं तुमी बघून घ्या. हप्ता पुरा झाल्याशिवाय कोणी उठाचं नाही." आणि कोणी उठलं नाही. पोरं शाळेतून आली, तरी बायका बसलेल्याच. शेवटी चौघींनी आपापल्या पदराच्या गाठी सोडल्या. शकुनताईनं बाजाराच्या मुरमुऱ्यांसाठी ठेवलेले पैसे काढून दिले. तिथून ती सरळ दुकानावर आली. गिऱ्हाईक उभं होतं, तिनं पर्वा केली नाही.

"तुया युरोपात हप्ता भराले शेजारीण बसते का रे?"

लीलूनं तो कायदा पाठ केला होता, पण त्या कायद्यात घेणारा आणि देणारा समोरासमोर होते. इथं देणाऱ्यानं मधात चार शेजारणी बसवून ठेवल्या होत्या. प्रश्न कंपनीला विचारला आणि लागला शकुनताईला. तो मला म्हणाला, "म्या भांडण चुकीच्या दारात लावलं गा." मग काही महिने सुशीलाचा हप्ता तो स्वतःच भरत राहिला. मी म्हटलं, अरे, हा कुठला कायदा? तर म्हणे, "पाचवी शेजारीण." हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. शकुनताई त्याच्याशी बोलणं सोडूनच बसली. भाऊबीजेला ओवाळायची, ताटात त्यानं ठेवलेली नोट उचलायची, तोंडातून शब्द नाही. सुशीलाशी तर गल्लीतल्या कोणीच बोलेना. विहिरीवर ती आली की बाकीच्या बादल्या उचलून निघत.

तो खचला, पण थांबला नाही. मला त्याचा राग येई. किती दिवस हे? वसुलीची पोरं बदलत, कंपन्या बदलत, हप्ते तेच. मधे आपल्याकडंही नियम आला, की घरातले सगळे हप्ते मिळून मिळकतीच्या अर्ध्याच्या वर जाऊ नयेत. लीलू त्या दिवशी एस.टी.नं तुमसरला आला, माझ्यासाठी पेढे घेऊन. मिलच्या फाटकावरच त्यानं माझ्या तोंडात पेढा कोंबला. महिन्याभरानं पुन्हा भेटलो, तेव्हा त्यानं सांगितलं. नियम होता, पण फॉर्म उलटा भरला जात होता. आधी कर्ज किती द्यायचं ते ठरे, मग त्याला पुरेल एवढी मिळकत लिहीत. त्याच्या बहिणीची मुरमुऱ्याची मिळकत कागदावर त्याच्या नागपूरच्या पगाराएवढी होती. "बाईनं ते पाहिलं असतं त हसून हसून मेली असती," तो म्हणाला. "पन सांगू कसं? बोलतच नाही."

शेवटी त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली. कंपनीला काही विचारायचं नाही, कायद्याचं नाव काढायचं नाही. फक्त एवढंच सांगायचं, की मावशी, घ्या कर्ज, पण पंधरवडाभर त्याला हात लावू नका. डब्यात ठेवा, धानाच्या ढोलीत ठेवा, कुठंही. पंधरा दिवसांत त्या पैशाची खरंच गरज आहे का ते पोटालाच कळते. नसली तर नेऊन द्या परत. फी बुडेल, थोडं व्याज जाईल, जाऊ द्या. चौदा दिवस म्हटलं तर बायकांच्या ध्यानात राहत नसे, पंधरवडा लगेच समजे. अमावस्या ते पुनव. काहींनी हसण्यावारी नेलं, काहींनी केलं. कोणी परत केलं का, किती जणींनी केलं, मला ठाऊक नाही. त्यालाही नव्हतं. तो कधी मोजत नसे. आमची शेवटची भेट तुमसर रोडच्या स्टेशनवर झाली. नागपूरला डॉक्टरला दाखवून तो परत येत होता. बाकावर बसलो. तो म्हणाला, "थकलो बावा. म्या एवढं बोललो का आता माया आवाज मलेच ऐकू येत नाही." मी त्याच्या हातात संत्रं सोलून दिलं. गाडी आली, तो गेला. एवढंच.

तो गेल्यावर तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. शकुनताईनं सगळं अंगावर घेतलं. मी पोचलो तेव्हा ती रडत नव्हती, सारखी काहीतरी उचलत-ठेवत होती. मला बघून म्हणाली, "भाऊ, जितेपनी त्याले म्या गोड घास देल्ला नाही. आता अख्खा गाव जेवला पायजे. सानगडीनं पाहिली नसन अशी तेरवी करीन." आणि नेमकं त्याच दिवसांत तिचं नवीन कर्ज मंजूर होऊन पैसे आले. भट्टी पक्की बांधायला तिनं ते मागितलेलं. तिचा जावई साकोलीहून रक्कम काढून घेऊन आला. घरात सगळ्यांना जणू देवच पावला. चुलतकाका तर बुंदीचा हिशेब करू लागले. किती मण, कुठला आचारी. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. मनात म्हणत होतो, लीलू, तुझी स्वतःचीच तेरवी... त्याच पैशानं... पण माझ्या मित्राचं घर, त्याची बहीण, तिचं दुःख. मी कोण सांगणारा?

शकुनताईच्या घरात आतल्या खोलीत धानाची ढोली आहे. बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची. धान खालच्या भोकातून काढतात, वरचं तोंड लिंपून बंद असतं. ती रक्कम घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा हात शेणानं भरलेले होते. मला वाटलं, सारवलं असेल.

तेरवीच्या दोन दिवस आधी बुंदीवाल्याला आगाऊ द्यायची वेळ आली. काकांनी हाक मारली, "शकुन, काढ ते पैसे."

ती उठली. आत गेली. आम्हाला वाटलं आणते. ती रिकाम्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"पंधरवडा झाला नाही, काका."

"अवं, कोनाचा पंधरवडा?"

"लीलूचा."

काकांनी एकदा समजूत घातली, एकदा आवाज चढवला. लोकं काय म्हणतील, शहरात नोकरी केलेल्या भावाची तेरवी अन वरणभात? ती दारातून हलली नाही. "जे म्हणाचं ते म्हणू द्या. लिंपन मोडनार नाही." जावई म्हणाला, दोन-चार दिवसांचाच तर फरक आहे. ती म्हणाली, "मंग दोन-चार दिवसानं जेवा." कोणीतरी हसलं, आणि तिथंच ते संपलं. तेरवीला वरण-भात, वांग्याची भाजी, आणि घरचेच मुरमुरे गुळात घोळून लाडू. गावातली अर्धी माणसं आली, अर्धी आली नाहीत. जे आले ते पोटभर जेवले. आणि पंगत वाढायला सुशीला आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. शकुनताईनं तिच्या हातात भाताचं पातेलं दिलं, एवढंच मी पाहिलं.

निघताना मी तिला विचारलं, तू हे पंधरवड्याचं कधीपासून करते? म्हणाली, तीन कर्जं झाली. दर वेळी ढोलीत ठेवते. मी म्हटलं, लीलूला माहीत होतं?

"कायले सांगू? डोक्यावर बसला असता."

मग तिनं तोंडाला पदर लावला, आणि तेवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

परवा पुन्हा सानगडीला गेलो होतो. लीलूचं दुकान आवरायचं होतं. झेरॉक्सच्या मशीनवर त्यानं टाकलेलं कापड तसंच होतं. मी ते झटकून पुन्हा टाकलं आणि शटर ओढलं. आवरायचं होतं, आवरलं नाही. शकुनताईकडं चहाला गेलो. भट्टी जुनीच, कच्ची होती. म्हटलं, पैशाचं काय केलं? म्हणाली, पंधरवडा भरला त्या दिवशी ढोलीचं तोंड फोडलं, काढले, साकोलीच्या ऑफिसात नेऊन देल्ले परत. तेरवीत मन होतं, भट्टीत नव्हतं, आणि तेरवी तर होऊन गेली. तिथला मॅनेजर म्हणे, ताई, घेतलेले कोणी परत आणून देते का, कारण काय लिहू? "म्या म्हटलं, कारन सांगा लागत नाही." असं म्हणताना ती आपल्या भावासारखी दिसली. हनुवटी जरा वर.

आत पाणी प्यायला गेलो तर ढोलीचं वरचं तोंड ताजं लिंपलेलं. शेण अजून हिरवं, बोटांचे पाचही ओरखडे स्पष्ट. मी म्हटलं, ताई, पैसे तर परत केले, मग आता आत काय आहे?

"सुशीलाचे हायेत," ती म्हणाली. "तिच्या घरी ढोली नाही ना. ओलं हाये भाऊ, हात नोका लावू."